काळोखातला चेहरा उजळताना

श्रोतेहो, गेल्या वर्षी आमच्या गावच्या वाचनालयाला पन्नास वर्षे पुरी झाली. त्या निमित्ताने एक स्मरणिका काढायचे ठरले. “तुम्हाला कॉम्प्युटरवर चित्रे काढता येतात ना?” एवढ्याच भांडवलावर मुखपृष्ठाचे काम मंडळींनी माझ्या गळ्यात घातले. वाचनालय ज्यांनी सुरू केले त्या अप्पांचा एकच फोटो उपलब्ध होता. भर दुपारी ओसरीसमोर काढलेला. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर उपरणे, आणि टोपीच्या सावलीत काळवंडलेला चेहरा. अप्पांच्या कन्या आता ऐंशीच्या घरात आहेत. फोटो माझ्या हाती देताना त्या म्हणाल्या, “बाळ, अप्पांचे डोळे तेवढे दिसू देत रे.”

मी घरी आलो, फोटोची प्रत कॉम्प्युटरवर घेतली आणि उजेड वाढवला. डोळे दिसू लागले. मोठ्या खुशीत तो कागद त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि विचारले, “अरे, पण अप्पांचे उपरणे कुठे गेले?” खरेच, उपरणे गेले होते! सदऱ्याच्या चुण्या, खिशाची शिवण, उपरण्याची घडी, सगळे कागदाच्या पांढरेपणात विरघळून गेले होते. हे असे का झाले, आणि कसे टाळता येते, तेच आज सांगायचे आहे.

मुखपृष्ठ मी ‘इंकस्केप’ नावाच्या प्रोग्रामवर केले. हा 2003 साली निघाला आणि तो फुकट मिळतो. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांच्या दुकानांत ‘कोरल ड्रॉ’ दिसतो, त्याच्याच जातकुळीचा. अशा प्रोग्रामना ‘व्हेक्टर’ म्हणतात. म्हणजे काय? तर हे प्रोग्राम चित्र ठिपक्यांनी साठवीत नाहीत, सूचनांनी साठवतात. ‘अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत अशी वळणदार रेघ, आत हा रंग’, अशा सूचना. रांगोळी घालणारी बाई जशी ठिपके मोजून आकृती लक्षात ठेवते, आणि मग ती अंगणभर काढा की पाटावर काढा, आकृती तीच राहते, तसे हे आहे. म्हणून व्हेक्टर चित्र टपाल तिकिटाएवढे करा की भिंतीएवढे, रेघ फाटत नाही.

फोटोची गोष्ट मात्र निराळी. फोटो म्हणजे लाखो ठिपक्यांची ताटी. इंकस्केपच्या घरात तो पाहुणा म्हणून येतो. घरच्या मंडळींचे नियम त्याला लागू पडत नाहीत. नवशिका माणूस इथेच पहिल्यांदा अडतो. ‘एक्स्टेन्शन्स’ मेनूत ‘कलर’ खाली ‘ब्रायटर’ असा शब्द दिसतो, तो फोटो निवडून दाबतो, आणि काहीच होत नाही! कारण ती सोय रेषाचित्रांच्या रंगासाठी आहे. वर्तुळात भरलेला रंग ती उजळ करील. फोटोला असा भरलेला एक रंग नसतोच.

आता ठिपक्यांचा हिशेब पाहू. सोयीसाठी काळापांढरा फोटो घेऊ. प्रत्येक ठिपक्याला 0 पासून 255 पर्यंत एक आकडा असतो. 0 म्हणजे मिट्ट काळोख, 255 म्हणजे कोरा पांढरा. अप्पांच्या चेहऱ्यावरचे ठिपके समजा 40, 60, 90 असे होते. उपरण्याच्या घडीचे 215, 230, 245 असे. मी उजेड वाढवला म्हणजे काय केले? प्रत्येक आकड्यात सरसकट 50 मिळवले. चेहरा झाला 90, 110, 140. छान! पण उपरणे? 265, 280, 295. आणि 255 च्या वर तर जागाच नाही. म्हणून तिन्ही आकडे 255 वर येऊन थांबले. घडी म्हणजे तरी काय? त्या तीन आकड्यांमधला फरक! फरक गेला, घडी गेली. नंतर त्या चित्रातून 50 वजा केले तरी तिन्ही ठिपके 205 होणार. घडी काही परत येणार नाही. भांडे भरल्यावर वरून ओतलेले पाणी भांड्याचे राहत नाही, तसेच हे.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची. उजेड वाढवणे म्हणजे फोटोत नवे काही आणणे नव्हे. असलेल्या छटांची वाटणी बदलणे, इतकेच. वाटणी शहाणपणाने केली तर सगळ्यांच्या वाट्याला काही ना काही राहते.

शहाणपणाची एक वाटणी आहे, तिला ‘गॅमा’ म्हणतात. तिची खुबी अशी, की 0 हा 0 च राहतो, 255 हा 255 च राहतो, आणि मधले आकडे वर उचलले जातात. काळोख्या भागातले जास्त, उजळ भागातले कमी. गॅमा 1.5 धरला तर अप्पांच्या चेहऱ्याचे 40, 60, 90 हे आकडे साधारण 74, 97, 127 होतात. उपरण्याचे 215, 230, 245 होतात 228, 238, 248. पाहिलेत? चेहरा उजळला, आणि घडीचे तिन्ही आकडे अजून वेगवेगळे आहेत. थोडे जवळ आले, पण एकमेकांत मिसळले नाहीत.

इंकस्केपमध्ये उजेडाचे दोन रस्ते आहेत. एक ‘फिल्टर्स’ मेनूचा. त्यात ‘कलर’ खाली ‘लाइटनेस-कॉन्ट्रास्ट’ आहे. हा रस्ता म्हणजे फोटोवर ठेवलेली काच. खालचा फोटो जसाच्या तसा असतो, काच उचलली की मूळ रूप पुन्हा दिसते. चुकण्याची भीती असलेल्याने इथूनच सुरुवात करावी. दुसरा रस्ता ‘एक्स्टेन्शन्स’ मेनूत ‘रास्टर’ खाली. तिथे ‘लेव्हल’ नावाची सोय आहे आणि गॅमाचा आकडा तिच्यात भरता येतो. पण ही काच नव्हे. इथे चित्रातल्या प्रतीचे ठिपकेच बदलतात. म्हणून मूळ फोटोची फाइल आधी वेगळी जपून ठेवावी. जुन्या फोटोच्या बाबतीत तर हा नियम कुलपासारखा पाळावा.

एवढे करूनही माझे समाधान होईना. उजेड हवा होता तो चेहऱ्याला; सदऱ्याला त्याची काहीच गरज नव्हती. तेव्हा मला जुन्या स्टुडिओतल्या फोटोग्राफरांची युक्ती आठवली. अंधाऱ्या खोलीत कागदावर फोटो उतरवताना, जो भाग काळा पडेलसा वाटे त्याच्यावर ते तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा धरीत, आणि तो हलका हलका हलवीत राहत, म्हणजे कडा उमटू नये. तेवढ्या भागाला प्रकाश कमी पोचे आणि कागदावर तो भाग उजळ राही.

तोच पुठ्ठा इंकस्केपमध्ये धरता येतो, आणि व्हेक्टरचे घर फोटोच्या उपयोगी पडते ते इथे. फोटोची एक दुसरी प्रत करायची आणि ती बरोबर मूळ फोटोवर ठेवायची. वरच्या प्रतीला ‘लेव्हल’ने गॅमा देऊन उजळ करायचे. उपरण्याची चिंता आता नको, कारण खाली मूळ फोटो आहेच. मग चेहऱ्यावर एक लंबगोल काढायचा आणि त्यात मधून कडेकडे जाणारा रंग भरायचा, मध्यभागी पांढरा आणि कडेला पारदर्शक होत गेलेला. आता तो लंबगोल आणि वरची प्रत दोन्ही निवडून ‘ऑब्जेक्ट’ मेनूतून ‘मास्क’ लावायचा. जिथे लंबगोल पांढरा, तिथे वरची उजळ प्रत दिसते. जिथे तो विरत जातो, तिथे ती प्रतही विरते आणि खालचा मूळ फोटो दिसू लागतो. कड कुठेच उमटत नाही. लंबगोल ही तर रेषाचित्राची वस्तू. तेव्हा तो लांब करा, तिरका करा, टोपीच्या सावलीपुरता वळवा, फोटोच्या ठिपक्यांना त्याने धक्का लागत नाही.

आता छपाईविषयी दोन शब्द. ज्यांनी फिल्टरचा रस्ता धरला असेल त्यांनी हे मुद्दाम ऐकावे. छापखान्यासाठी पीडीएफ करताना इंकस्केप विचारते, फिल्टरचा परिणाम ठिपक्यांत उतरवायचा काय? तिथली खूण काढून टाकली तर काच गळून पडते आणि पडद्यावर उजळ दिसलेला फोटो काळवंडलेलाच छापला जातो. खूण ठेवली तरी इंचाला किती ठिपके हे पाहावे. आपण होऊन तिथे 96 चा आकडा असतो. चार इंच रुंद फोटोला त्याने 384 च ठिपके मिळतील. तिथे 300 घातले तर 1200 मिळतात आणि छपाई स्वच्छ येते. शिवाय पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद बिचारा खोलीतला प्रकाश परत फेकतो. म्हणून पडद्यावर बेताचे वाटणारे चित्र कागदावर बरेचदा अंधारे निघते. पाचशे प्रती काढण्याआधी एक प्रत काढून उन्हात आणि दिव्याखाली अशी दोन्हीकडे पाहावी.

आमची ती एक प्रत घेऊन मी पुन्हा त्या आजींकडे गेलो. त्यांनी ती खिडकीपाशी नेली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उपरण्याच्या घडीवरून बोट फिरवीत म्हणाल्या, “हे आईनं धुऊन घडी घातलेलं. ती घडी अशीच असायची.” डोळ्यांविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत, पण कागद त्यांनी मला परत दिला नाही, त्यावरून काय ते मी समजलो.

श्रोतेहो, आपल्या प्रत्येकाच्या घरी ट्रंकेत, भिंतीवर असा एखादा काळवंडलेला चेहरा असेल. तो जरूर उजळावा. मात्र मूळ फोटोला हात न लावता, बेताने, आणि जिथे गरज आहे तिथेच. चेहरा दिसायला हवा हे खरे. पण त्याच्यासाठी उपरणे गमावण्याचे काही कारण नाही.