चित्र दिसता, आवाज खंय?

गणेशचतुर्थीच्या दिवसांत डबलबारीचं, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याचं, रेकॉर्डिंग लावायचं, तर मोबाईलचा पडदा आता कुणालाच पुरत नाही. मालवण-कुडाळकडच्या कित्येक घरांत मुंबईच्या चाकरमान्याने आणून ठेवलेला जुना कॉम्प्युटर असतो, भिंतीवर मोठा टीव्ही असतो आणि दोघांना जोडायला एक एचडीएमआय केबल. बुवा दिसतात, पखवाजावर पडणारी थाप दिसते. आवाज मात्र कॉम्प्युटरच्या लहानशा स्पीकरमधून येतो, नाहीतर येतच नाही. ‘चित्र दिसता, आवाज खंय?’ अशी विचारणा सुरू झाली की पाठोपाठ नवी केबल, नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याचे सल्ले येतात. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते.

एचडीएमआयचं पहिलं मानक डिसेंबर २००२ मध्ये आलं. सोनी, फिलिप्स, तोशिबा, हिताची अशा सात कंपन्यांनी मिळून ते आखलं. या केबलीत १९ पिना असतात, पण कार्डाकडून टीव्हीकडे जाणाऱ्या आवाजासाठी त्यांतली एकही राखीव नाही. मग आवाज जातो कुठून? चित्रामधल्या मोकळ्या वेळातून. फुल एचडी चित्र डोळ्यांना १९२० बाय १०८० ठिपक्यांचं दिसतं, पण केबलीतून साधारणपणे २२०० बाय ११२५ ठिपक्यांइतका वेळ खर्च होत असतो. जुन्या काचेच्या टीव्हीत किरणाला पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायला जो अवधी लागे, त्याचा हा वारसा. या सुमारे सहाव्या हिश्श्यात आवाजाची पाकिटं भरून पाठवली जातात, आणि तेवढ्यात आठ चॅनेलांचा आवाज बसतो. मानक ठरवणाऱ्यांची ही युक्ती खरोखर दाद द्यावी अशी आहे.

मात्र पाकिटं पाठवण्याआधी कार्डाला एक गोष्ट कळावी लागते: समोरच्याला आवाज झेपतो का? केबल जोडताच टीव्ही आपली माहिती कार्डाला कळवतो. कुठली चित्रं चालतील, कुठल्या प्रकारचा आवाज चालेल, हे सगळं त्यात असतं. ती माहिती नीट पोचली नाही, तर कार्ड समोरच्याला नुसता डीव्हीआय मॉनिटर समजतं आणि फक्त चित्र पाठवतं. १९९९ च्या डीव्हीआय मानकात आवाजाची सोयच नव्हती. व्हीजीएचंही तेच. त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरच्या निळ्या व्हीजीए सॉकेटला कन्व्हर्टर लावून टीव्ही जोडला असेल, तर आवाजाची वेगळी पिन कन्व्हर्टरला जोडावीच लागते.

जुन्या कार्डांत आणखी एक गोम आहे. एटीआयच्या रेडिऑन एचडी २००० मालिकेत, म्हणजे २००७ पासून, आवाजाची चिप कार्डातच आली. एनव्हिडियाच्या त्या काळातल्या अनेक जीफोर्स कार्डांना मात्र मदरबोर्डवरून किंवा साउंड कार्डावरून दोन तारांची बारीक केबल आतून आणावी लागे. ती न जोडता कॉम्प्युटर विकला गेला, तर पुढचा मालक कितीही सेटिंग करो, टीव्ही मुकाच राहणार. अलीकडच्या कार्डांना ही भानगड नाही.

भानगड उरते ती निवडीची. कार्डातली चिप आणि मदरबोर्डवरची चिप ही कॉम्प्युटरच्या दृष्टीने दोन वेगळी साउंड कार्डं असतात, आणि तो अनेकदा मदरबोर्डचीच धरून बसतो. आधी टीव्ही सुरू करून योग्य इनपुट लावावा. बंद टीव्हीचं नाव यादीतून गायब होऊ शकतं. मग विंडोजमध्ये घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चित्रावरून आउटपुटच्या यादीत टीव्हीचं नाव निवडायचं. नावच नसेल तर केबल खरंच ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना, हे पाहावं, आणि कार्डाचा ड्रायव्हर त्याच्या ऑडिओच्या भागासह पुन्हा टाकावा. लिनक्सवर पल्सऑडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये कार्डाचं प्रोफाइल एचडीएमआयवर न्यायचं. एवढ्यावर भागलं नाही, तर अल्सामिक्सरमध्ये ‘आयईसी९५८’ हा डिजिटल आउटपुट म्यूट आहे का तेही बघायचं.

भजन वाजतं पण सिनेमा मुका, असंही होतं. तेव्हा प्लेअरमधलं पासथ्रू बंद करावं. ते चालू असलं की प्लेअर डीटीएससारखा आवाज न उलगडताच पुढे ढकलतो आणि पुष्कळ टीव्हींना तो उलगडता येत नाही.

टीव्हीला साउंडबार जोडला की थाप आधी दिसते आणि आवाज मागाहून येतो, अशीही तक्रार असते. दशावतारात झांज-मृदंगाच्या तालावर पावलं पडतात, तिथे एवढासा उशीरही रसभंग करतो. टीव्हीच्या किंवा साउंडबारच्या मेनूत कधीकधी आवाज मागेपुढे करण्याची सोय सापडते. ती वापरायला कंटाळू नये.

किनाऱ्यावर मात्र सेटिंगच्या पलीकडचं एक कारण असतं. खारं वारं आणि पावसाळ्याचा दमटपणा सॉकेटच्या धातूवर बसतो. माहिती सांगणाऱ्या पिनेचा संपर्क कच्चा झाला, तर चित्र येऊनही आवाज जाऊ शकतो. दोन्ही उपकरणं बंद करून केबल काढून पुन्हा घट्ट बसवली, की कित्येकदा काम होतं. वापरात नसलेल्या सॉकेटला रबरी टोपण घालून ठेवावं. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढणं पुरेसं नसतं: टीव्हीला डिशची तार येते, कॉम्प्युटरला इंटरनेटची, आणि त्यांतून शिरलेला झटका एचडीएमआय केबलीवाटे दुसऱ्या यंत्रापर्यंत पोचतो. म्हणून या तारा आणि एचडीएमआय केबलही काढून ठेवावी, आणि हे गडगडाट सुरू होण्याआधीच करावं.