धडकी भरते तेव्हा

लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या एखाद्या धडधाकट माणसाची छाती एकाएकी धडधडू लागते. दरदरून घाम फुटतो, बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरेनासा होतो. ‘आता आपले काही खरे नाही,’ असे त्याला वाटते. घरची माणसे म्हणतात, ‘मनाचे खेळ!’ पण हे ढोंग नव्हे.

वाघ समोर आला तर पळता यावे, म्हणून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन रक्तात सोडतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली आपल्या ग्रंथात ही तयारी समजावून सांगितली. आपल्या या प्रवाशापुढे वाघ नसतो. तयारी मात्र सगळी होते! भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून मुंग्या नि चक्कर. त्यामुळे माणूस आणखीच घाबरतो.

मग करावे काय? पहिल्यांदाच असे झाले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. छातीचे दुखणे अंगावर काढू नये. हृदय ठीक निघाले, तर पुढच्या वेळी श्वास सावकाश सोडावा आणि मनाला बजावावे, ‘हे ओसरणार आहे.’ बहुधा दहाएक मिनिटांत भीती शिगेला पोचते, मग उतरू लागते.

गाडी मात्र सोडू नये. आज गाडी टाळली, की उद्या बाजार टळतो, परवा उंबरठा ओलांडवत नाही. झटके वारंवार येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. बोलण्याच्या उपचाराने आणि औषधाने गुण येतो. सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे विचारण्यात कमीपणा कसला?