मुंबईत उतरायचं कुठे?

पुण्यात यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत मी अ‍ॅडमिनला आहे. सर्व्हिस इंजिनिअर, ऑडिटर, परदेशी पाहुणे, मंत्रालयात फाइल घेऊन निघालेले साहेब, सगळ्यांच्या मुंबईतल्या खोल्या माझ्याकडून बुक होतात. त्यामुळे नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचेही फोन येतात. प्रश्न ठरलेला : "मुंबईत एखादं बरं हॉटेल सांग ना, चांगल्या चेनचं." मी उलट विचारते, "दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोचायचंय कुठे?" यावर माणसं थोडी वैतागतात. त्यांना जिंजर घेऊ की आयबिस, की लेमन ट्री, एवढंच ऐकायचं असतं.

खरं सांगायचं तर एका दरात त्यातलं काहीही घ्या. चेन हॉटेलचा सगळा धंदा खोली गावोगाव सारखी असण्यावर चालतो. ताजवाल्या टाटांच्या कंपनीने २००४ मध्ये बेंगळुरूला 'इंडीवन' नावाचं साधं, स्वस्त हॉटेल काढलं, त्याचंच पुढे जिंजर झालं. कल्पना अशी की कामाला आलेल्या माणसाला स्वच्छ चादर, गरम पाणी, लॅपटॉपला टेबल आणि सकाळचा नाश्ता मिळाला की पुरे. नाशिकची खोली पाहिली असेल तर अंधेरीची न बघताच कळते. म्हणजे पैसे मोजून तुम्ही निवडता ती खोलीच्या दाराबाहेरची जागा, आणि मुंबईत ती जागा किलोमीटर मोजून निवडता येत नाही.

कारण मुंबई उभी आहे. पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, दोन्ही हायवे सगळे उत्तर-दक्षिण पळतात. चर्चगेटहून अंधेरीला लोकलने जाणं सोपं. पण पवईहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने संध्याकाळी सहाला अंधेरीत शिरून बघा. नकाशावर बोटभर अंतर आणि गाडीत बसून पाऊण तास. आमचे एक इंजिनिअर हट्टाने पवईत उतरायचे, तलाव दिसतो म्हणून. कामं सगळी अंधेरी पश्चिमेला. त्यांची टॅक्सीची बिलं माझ्या टेबलावर यायची, तेव्हा तलाव कंपनीला केवढ्याला पडला ते दिसायचं.

त्यातून रुळांची भानगड वेगळी. 'अंधेरी स्टेशनपासून एक किलोमीटर' ही माहिती अर्धवट आहे. पूर्वेला की पश्चिमेला? चालणाऱ्याला पादचारी पूल आहे, पण बॅगा आणि आई-वडील बरोबर असले की गाडी लागते आणि गाडीला रूळ ओलांडायला मोजक्याच जागा. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली, पूर्ण पूल मे २०२५ मध्ये. तेवढ्या काळात अंधेरी पूर्व आणि पश्चिम ही दोन वेगळी गावं होती, आणि पावसात अंधेरी सबवे भरला की होत्या त्या वाटाही कमी. तेव्हापासून मी बुकिंगच्या कागदावर भागाच्या नावापुढे 'पू.' किंवा 'प.' लिहिल्याशिवाय सही करत नाही.

नात्यागोत्यात सगळ्यात जास्त विचारणा होते ती बीकेसीची, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्सची. अमेरिकेची वकिलात २०११ मध्ये ब्रीच कँडीहून तिथे गेली. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला निघालेले आमच्या शेजारचे काका-काकू हे अशा विचारणेचं नेहमीचं उदाहरण. व्हिसासाठी पहिल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी मुलाखत, म्हणजे एक रात्र काढावीच लागते. काकांचा आग्रह, "अगं, बीकेसीतच बघ, चालत जाऊ." बीकेसीत आहेत ती ट्रायडेंट आणि सोफिटेल, कंपनीच्या पैशाने राहायची. मध्यम दराची खोली त्या चौकोनात शोधू नये. बरं, पैसे असले तरी रात्री आठनंतर तिथे काय करणार? ऑफिसं सुटली की रस्ते ओस. काकूंना गोळी घ्यायच्या आधी गरम वरण-भात हवा, तो काचेच्या इमारतींत कुठून आणायचा?

अशांना मी सांताक्रूझ पूर्वेला किंवा विलेपार्ल्याला, टर्मिनल एकच्या आसपास ठेवते. तिथे जिंजर आहे, आयबिस आहे, उडप्याची हॉटेलं आहेत, आणि मुख्य म्हणजे भुयारी मेट्रो आहे. विमानतळाकडून बीकेसीला जाणारी ही मेट्रो ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि माझं निम्मं काम हलकं झालं. टी-१ स्टेशनवरून सांताक्रूझ, वांद्रे कॉलनी आणि पुढे बीकेसी. ज्यांना जिने नकोत त्यांना रिक्षाही मिळते. हेही बाहेरगावच्या माणसाला माहीत नसतं : मुंबईत रिक्षा वांद्रे-शीवपर्यंतच चालते, माहीमच्या खाडीपलीकडे दक्षिणेला टॅक्सीच. आणखी एक बारीक गोष्ट. वकिलातीत मोबाइल, बॅग काही आत नेता येत नाही. त्यामुळे मुलाखतीच्या सकाळी हॉटेल सोडून सामान घेऊन निघायचं नाही. सामान रिसेप्शनला ठेवायचं, चिठ्ठी घ्यायची, फोनही तिथेच, आणि परतून मग पुण्याची गाडी. काका फोनशिवाय दोन तास राहिले, याचं काकूंना व्हिसापेक्षा जास्त अप्रूप वाटलं.

आता अंधेरी पूर्व. मुंबईतली मध्यम दराची सगळ्यात जास्त चेन हॉटेलं इथेच सापडतील. सहारला लीला १९८६ मध्ये उभं राहिलं, तेव्हा शेजारी सीप्झ आणि एमआयडीसीतले कारखाने होते. पुढे कारखान्यांच्या जागी ऑफिसं आली, विमानांची गर्दी वाढली आणि अंधेरी-कुर्ला रोड, मरोळ, चकाला, सहार भागात कोर्टयार्ड, फेअरफील्ड, हॉलिडे इन, लेमन ट्री असं सगळं जमलं. लेमन ट्रीवाल्यांनी टी-२ जवळ २०२३ मध्ये ६६९ खोल्यांचं ऑरिका उघडलं. इतक्या खोल्या एका भागात असल्या की दरात घासाघीस होते, म्हणून नुसतं 'मुंबई' शोधलं की अ‍ॅप तुम्हाला इथेच आणून टाकतं.

फक्त 'एअरपोर्ट' या शब्दावर जाऊ नका. आधी तिकीट बघा, टी-१ की टी-२. दोन्ही एकाच विमानतळाची दारं आहेत, पण एक सांताक्रूझ-पार्ल्याकडे उघडतं आणि दुसरं सहारला. रस्त्याने मध्ये चार-पाच किलोमीटर. टी-२ ला हायवेवरून उन्नत रस्ता थेट जातो, मरोळच्या आतल्या गल्लीतल्या हॉटेलवरून मात्र आधी अंधेरी-कुर्ला रोडची गर्दी पार करावी लागते. आणि भुयारी मेट्रो पहाटे सहाच्या सुमारास सुरू होते, तेव्हा साडेपाचच्या विमानाला तिचा उपयोग शून्य. पहाटेच्या विमानासाठी मी टर्मिनलला खरोखर चिकटून असलेली खोली घेते, हजार रुपये जास्त गेले तरी. दुपारचं विमान असेल तर मात्र मरोळ नाक्यालाच घ्या. तिथे घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आणि भुयारी मेट्रो एकमेकींना भेटतात. आडवं जायची सोय मुंबईत दुर्मीळ, ती तिथे आहे.

रात्री उशिरा एकटी उतरणारी बाई असेल तर माझी कसोटी वेगळी असते. एमआयडीसीच्या आतले रस्ते दिवसा गजबजलेले आणि रात्री अकराला भुंकणारी कुत्री सोडून कोणी नाही. आत हॉटेल कितीही उत्तम असो, मी तिला मुख्य रस्त्यावरचंच देते, जिथे निदान एक औषधाचं दुकान आणि एक खानावळ उघडी असते. नकाशावर रस्त्याचे फोटो दिसतात, ते बघायला पाच मिनिटं लागतात. कारखान्याचं गेट आणि लांबच लांब भिंत दिसली की पुढचं हॉटेल.

परळचं सांगताना मात्र हात जरा आखडतो. टाटा हॉस्पिटलसाठी लोक विचारतात, आणि तिथे चेन हॉटेल हे उत्तर बहुतेकदा नसतंच. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल आले, त्यांच्याबरोबर सेंट रेजिससारखी हॉटेलं आली. परळला आयटीसीचं ग्रँड सेंट्रल आहे. मधला दर जवळपास गायब. महिनाभराचे उपचार असतील तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आधी विचारा, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात त्यांची माहिती मिळते. एक-दोन रात्रींचा प्रश्न असेल तर दादर पूर्व. आणि इथेही रूळ बघा : परळ-प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला. लोअर परळच्या पश्चिमेकडून टाटाला जायचं तर दादरच्या टिळक पुलाचा किंवा करी रोडचा वळसा. पेशंटला घेऊन तो वळसा नको. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी साचतं, तेही ध्यानात असू द्या. आणि डॉक्टरांनी पुढची तारीख खारघरच्या टाटा केंद्राची दिली असेल तर परळला खोली घेऊन काहीच उपयोग नाही, मुक्काम नवी मुंबईतच.

हायकोर्ट, मंत्रालय, रिझर्व्ह बँक यांच्या कामाला पूर्वी दक्षिण मुंबईतच राहावं लागायचं. तिथली चेन म्हणजे १९०३ चं ताज, नरिमन पॉइंटचं ट्रायडेंट किंवा कफ परेडचं प्रेसिडेंट. बाकी जुनी खाजगी हॉटेलं, काही फार गोड, काहींच्या लिफ्टमध्ये देवाचं नाव घ्यावं लागतं. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली. आता मी आमच्या साहेबांना सरळ मरोळ किंवा सांताक्रूझला ठेवते. विधान भवन स्टेशनला उतरले की मंत्रालय समोर. साहेबांनी सुरुवातीला कुरकुर केली. आता गाडी नको म्हणतात.

दराबद्दल थोडं. कामाच्या भागांत, म्हणजे अंधेरी, बीकेसी, लोअर परळला, सोमवार ते गुरुवार दर चढे असतात आणि शनिवार-रविवारी उतरतात. लोणावळ्याच्या बरोबर उलट. मोठा कार्यक्रम असला की हिशेब फिस्कटतो. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले झालं, तेव्हा नवी मुंबईतल्या खोल्यांचे दर पाहून आमच्या तुर्भ्याच्या कामाची तारीखच पुढे ढकलली. बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड सेंटरला प्रदर्शन आहे का, हेही बुकिंगच्या आधी बघते.

आणि कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ₹७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्यावर गेलं की १८ टक्के. म्हणजे ₹७,४०० ची खोली ₹७,७७० ला पडते आणि ₹७,६०० ची ₹८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाचे जवळजवळ बाराशे झाले. अ‍ॅपवर मोठ्या अक्षरात दिसतो तो आकडा बहुतेकदा कराआधीचा असतो.

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने येणाऱ्यांचा आणखी एक घोळ. गाडी सकाळीच सीएसएमटीला लागते आणि चेन हॉटेल खोली देतं दुपारी दोनला. जुन्या लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असायचा, आलात तेव्हापासून घड्याळ सुरू. इथे तसं नाही. आदल्या दिवशी दुपारी फोन करून लवकर खोली मिळेल का विचारावं, रात्री विचारलं तर ड्युटीवरचा मुलगा 'उद्या बघू' म्हणतो. नाही मिळाली तर सामान ठेवून तोंड धुवायला, कपडे बदलायला जागा आहे का, एवढं तरी पक्कं करून घ्यावं.

नावांच्या बाबतीत मी आता काहीच गृहीत धरत नाही. तुर्भे, वाशी, ठाणे, विक्रोळी कुठेही असलं तरी पाटीवर 'मुंबई' असू शकतं. ते खोटं नाही, पण चर्चगेटला काम असलेला माणूस तुर्भ्याला जाऊन पोचला की मला रात्री फोन येतो. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तेव्हा हे नामप्रकरण वाढणारच. तिकिटावर जुन्या विमानतळाचं बीओएम लिहिलंय की नव्याचं एनएमआय, ते आधी बघायचं. एनएमआय असेल तर वाशी-खारघर-पनवेलकडे शोधायचं आणि अंधेरीच्या खोल्यांचं पान बंद करायचं. गेल्या आठवड्यात आमच्या एका ऑडिटरने दोन्ही दिशांची तिकिटं काढली, उतरायचं सहारला आणि परत निघायचं नवी मुंबईहून. मीटिंग घाटकोपरला. त्याला मी विक्रोळीत ठेवलं.