चेंडूवरची रेघ

गोल्फमध्ये ग्रीनवर पटिंग करताना चेंडूवर आखलेली सरळ रेघ नेमाच्या दिशेने लावून ठेवणे खरोखर उपयोगाचे आहे, आणि त्याचे कारण भूमितीत आहे. होलचा व्यास 108 मिलिमीटर. तीन मीटरवरून मारलेल्या चेंडूची दिशा एका अंशाने चुकली, तर होलपाशी पोहोचेपर्यंत तो सुमारे 52 मिलिमीटर बाजूला जातो. म्हणजे त्याचा मध्य जेमतेम होलच्या कडेवर येतो. इतका बारीक फरक चेंडूशेजारी उभे राहून, मान खाली घालून ओळखणे फार अवघड. रेघ मात्र चेंडूच्या मागे बसून, होल समोर दिसत असताना लावता येते. नेम धरणे आणि फटका मारणे ही दोन कामे वेगळी होतात, हाच तिचा मोठा फायदा. मग पटरवरची खूण तिच्याशी जुळवायची; दोन रेघांमधला किंचित वाकडेपणा आपला डोळा चटकन पकडतो. नियमांनाही हे चालते: जागेवर नाणे ठेवून चेंडू उचलावा आणि तिथेच हवा तसा फिरवून ठेवावा.

यात वेळ जातो ही तक्रार रास्त आहे, पण ती सरावाने मिटते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: उतार चुकीचा वाचला, तर रेघ चुकीची दिशाच पक्की करते. म्हणून उतारावर रेघ होलकडे नव्हे, चेंडू ज्या दिशेने सुटायला हवा तिकडे लावावी लागते. दहा-बारा मीटरांवरून तर दिशेपेक्षा वेगाचीच चूक महागात पडते; तिथे रेघ खुशाल सोडून द्यावी आणि सगळे लक्ष अंतरावर ठेवावे.