आधी वास येतो, मग कुत्रा

दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात. मागे गाय, वर औदुंबराची सावली, पायाशी चार श्वान. कुणी कुणावर गुरगुरत नाही, कुणाच्या मानेवरचे केस उभे नाहीत. लहानपणापासून हे चित्र पाहिल्यामुळे की काय, कुत्र्याला कुत्र्याची सोबत आवडणारच असं आपण धरून चालतो. मग कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात कधीतरी विषय निघतो: हा दिवसभर एकटा असतो बिचारा, याला जोडीदार आणू या. आजीला विचारलं जातं, मुलांना विचारलं जातं, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या कानावरही घातलं जातं. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्याला मात्र कुणी विचारत नाही.

खरं तर त्याला विचारता येतं आणि तो उत्तरही देतो. ते उत्तर कसं वाचायचं, हे माणसाला गेल्या तीसेक वर्षांत थोडंफार उमगू लागलंय, आणि जे उमगलंय ते थक्क करणारं आहे.

सुरुवात नाकापासून. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी असतात साधारण 50-60 लाख. कुत्र्याच्या नाकात 20 ते 30 कोटी. पण नुसत्या आकड्यानं गंमत कळत नाही. कुत्रा हुंगतो तेव्हा सेकंदाला पाचेक वेळा हवा आत घेतो. बाहेर जाणारी हवा तो नाकपुडीच्या बाजूला असलेल्या फटींतून सोडतो, त्यामुळे समोर पसरलेला वास त्याच्याच उच्छ्वासानं विस्कटत नाही. शिवाय नाकाच्या तळाशी, टाळूच्या वरच्या बाजूला, त्याच्याकडे वास घेणारं आणखी एक इंद्रिय असतं. जेकबसन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्याच्या नावानं ओळखलं जातं. प्राण्यांनी एकमेकांसाठी ठेवलेले रासायनिक निरोप मुख्यतः तिथे पोहोचतात. विजेच्या खांबापाशी तुमचा कुत्रा अडून बसतो आणि तुम्ही ऑफिसची वेळ झाली म्हणून पट्टा ओढता, तेव्हा तो असा एखादा निरोप अर्ध्यावर सोडून तुमच्यामागे येत असतो.

या निरोपांत 'मी' आणि 'दुसरा' हा भेद असतो का? अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मार्क बेकॉफ या प्राणिवर्तनशास्त्रज्ञानं हे शोधायला जो प्रयोग केला, त्याला उपकरण म्हणून लागले फक्त हातमोजे. जेथ्रो नावाच्या आपल्या कुत्र्याबरोबर हिवाळ्यात फिरताना ते लघवीनं पिवळा झालेला बर्फ उचलायचे, कधी जेथ्रोचा, कधी इतर कुत्र्यांचा, आणि पुढे वाटेत नेऊन ठेवायचे. मग जेथ्रो तिथे आला की तो काय करतो, हे टिपायचे. पाच हिवाळे हा उद्योग चालला. (येणाऱ्याजाणाऱ्यांना काय वाटलं असेल!) जेथ्रो स्वतःच्या पिवळ्या बर्फापाशी फारसा रेंगाळत नसे, दुसऱ्याच्या बर्फापाशी जास्त वेळ हुंगायचा आणि त्यावर आपली खूणही जास्त करून सोडायचा. हा शोधनिबंध 2001 मध्ये छापून आला. पुढे न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2017 मध्ये त्यावर कडी केली. त्यांनी कुत्र्यांसमोर त्यांच्याच लघवीचा वास ठेवला, एकदा जसाच्या तसा आणि एकदा त्यात आणखी एक वास मिसळून. मिसळलेल्या वासापाशी कुत्री जास्त वेळ थांबली. हा माझाच आहे, पण यात काहीतरी जास्तीचं आहे, इतकी बारीक नोंद तो प्राणी ठेवतो.

आता हे घराला लावून पाहा. तुमच्या कुत्र्यासाठी घर म्हणजे आधी वासाचा नकाशा. सोफ्याची कड, चपलांचं कपाट, गॅलरीचा कोपरा, सगळीकडे त्याची नोंद. त्यात एका संध्याकाळी अचानक एक सबंध परका कुत्रा उतरवायचा म्हणजे त्याचा नकाशा एका झटक्यात फाडायचा. म्हणून जाणकार श्वानप्रशिक्षक आधी वासाची देवाणघेवाण करायला सांगतात. नवा कुत्रा जिथे आहे तिथून त्यानं अंगाखाली घेतलेला टॉवेल आणा, आणि थोरल्याचा, म्हणजे घरातल्या कुत्र्याचा, एखादा कपडा तिकडे पाठवा. टॉवेल त्याच्या नाकाशी धरू नका. जमिनीवर ठेवा आणि बाजूला व्हा. त्यानं हुंगून पाठ फिरवली तर उत्तम. ताठ होऊन बराच वेळ हुंगलं, वर तंगडी उचलली, तरी घाबरू नका, पण घाई करू नये हे समजून घ्या. काही दिवस तो टॉवेल घरात फिरू द्या. धाकटा येण्याआधी त्याची बातमी येऊन शिळी झालेली असावी.

पहिली भेट घरात नको, बाहेर, कुणाच्याही हद्दीत नसलेल्या जागेत व्हावी, असं परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं. आपल्याकडे अशी जागा शोधायची कुठे? पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक गल्लीला मालक असतो, आणि तो चार पायांचा असतो. तुम्ही दोघांना घेऊन कोपऱ्यावर उभे राहिलात की हद्दीची मंडळी भुंकत हजर. म्हणून जागा आधी हेरून ठेवा: मित्राच्या बंगल्याचं आवार, सकाळी लवकर रिकामं असलेलं कुंपणाचं मैदान. दोन माणसं, दोन पट्टे, आणि आधी नुसतं चालणं, एकाच दिशेनं, मध्ये अंतर ठेवून. अंतर हळूहळू कमी करायचं. सभ्य कुत्री एकमेकांकडे नाकासमोर सरळ चालून जात नाहीत, किंचित वळसा घेऊन येतात. पट्टा ताणलात तर त्याची छाती उचलली जाते, तो नको तितका ताठ दिसतो आणि समोरच्याला त्यात आव्हान दिसतं. हातातला पट्टा सैल सोडणं हे या सगळ्यातलं सर्वात अवघड काम आहे, कारण घाबरलेले आपण असतो.

मग ते एकमेकांच्या शेपटीखाली नाक घालतील. लाजू नका. तिथे दोन छोट्या ग्रंथी असतात आणि प्रत्येक कुत्र्याचा तिथला गंध वेगळा असतो. सॅन डिएगोच्या विद्यापीठात क्रिस्टीन हॅरिस आणि कॅरोलिन प्रुवोस्ट यांनी 36 कुत्र्यांसमोर त्यांच्या मालकांना एका भुंकणाऱ्या, शेपूट हलवणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याचे लाड करायला लावले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बहुतेक कुत्र्यांनी त्या खेळण्याचीही मागची बाजू हुंगून पाहिली. कितीतरी जणांनी मालकाला ढुसण्या दिल्या, काहींनी मध्ये घुसायचा प्रयत्न केला. मालक पुस्तक वाचत बसला तेव्हा त्यांना एवढं लागलं नव्हतं. याला मत्सर म्हणावं का यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना या वादात पडायची गरज वाटणार नाही.

शेपटीचंही तसंच. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. ते हलताना कुठे झुकतं, हे कुणी पाहिलं नव्हतं. इटलीतल्या आंजेलो क्वारांता, मार्चेल्लो सिनिस्काल्की आणि जॉर्जियो वाल्लोर्तिगारा यांनी ते कॅमेऱ्यानं मोजलं. मालक दिसला की शेपटी कुत्र्याच्या उजवीकडे जास्त झुकते; अनोळखी, दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. शरीराची उजवी बाजू मेंदूचा डावा भाग हलवतो आणि डावी बाजू उजवा भाग, त्यामुळे जवळ जावं की लांब राहावं या आतल्या ओढाताणीचा कल शेपटीत उतरतो. हे 2007 चं. 2013 मध्ये त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: दुसऱ्या कुत्र्याला हे कळतं का? डावीकडे झुकणारी शेपटी पडद्यावर पाहणाऱ्या कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि ती अस्वस्थ झाली. म्हणजे तुम्ही 'बघ, शेपूट हलवतोय, आवडला त्याला' असं म्हणत असता, तेव्हा समोरच्यानं कदाचित उलटच वाचलेलं असतं. हा कल साध्या डोळ्यांना क्वचितच दिसतो, तेव्हा तो मोजत बसू नका. एवढंच लक्षात ठेवा की हलणारी प्रत्येक शेपटी स्वागताची नसते. त्याऐवजी अंग सैल आहे की लाकडासारखं, तोंड अर्धवट उघडं आहे की घट्ट मिटलेलं, हे पाहा.

आणि मग कधीतरी, नशीब असेल तर, एक जण पुढचे पाय जमिनीला टेकवतो आणि ढुंगण वर करतो. हे खेळाचं आमंत्रण. हॉरोविट्झ यांनी कुत्र्यांच्या खेळाची चित्रफीत अतिशय सावकाश, क्षणाक्षणानं पाहिली तेव्हा दिसलं, की समोरच्याचं तोंड आपल्याकडे असेल तरच हे आमंत्रण दिलं जातं. तो दुसरीकडे बघत असेल तर आधी भुंकून, ढुशी मारून त्याचं लक्ष वेधतात आणि मग वाकतात. बेकॉफ यांना तर असं आढळलं होतं, की खेळात चावा जरा जोरात बसेल असं वाटलं की त्याच्या आधी किंवा नंतर कुत्री पुन्हा वाकतात. जणू सांगतात, हे खरं नाही हं. पिल्लांच्या खेळातही नर पिल्लं माद्यांसमोर आपण होऊन पडती बाजू घेतात, असं मिशिगनमधल्या अभ्यासात दिसलंय.

घरी आणल्यावर मात्र खरी परीक्षा तुमची. व्हिएन्नात फ्रीडेरिके रांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन कुत्री शेजारी बसवून त्यांना पंजा द्यायला सांगितलं. एकाला प्रत्येक वेळी खाऊ मिळे, दुसऱ्याला काहीच नाही. ज्याला मिळत नव्हतं तो थोड्या वेळानं पंजा देईनासा झाला, अंग खाजवू लागला, जांभया देऊ लागला, शेजाऱ्याकडे बघणं टाळू लागला. तोच कुत्रा एकटा असताना खाऊ न मिळताही कितीतरी जास्त वेळ पंजा देत राहिला होता. म्हणजे दुखलं ते खाऊ न मिळण्यानं कमी, आणि शेजाऱ्याला मिळाल्यानं जास्त. मात्र एकाला सॉसेज आणि दुसऱ्याला साधा पाव दिला तर त्यांनी तक्रार केली नाही. 2009 चा हा प्रयोग दोन कुत्र्यांच्या घरासाठी सोन्यासारखा आहे: धाकट्याला महागडं पिल्लाचं खाणं आणि थोरल्याला रोजची पोळी चालेल, पण एकाच्या तोंडात काही पडताना दुसरा रिकामा नको. वाट्या दोन, त्याही लांब लांब, जमल्यास वेगळ्या खोल्यांत. पाण्याची भांडी दोन. झोपायच्या जागा दोन, आणि मध्ये लावायला जाळीचं छोटं फाटक.

याच्या उलट एक सल्ला तुम्हाला हमखास मिळेल: 'यांच्यात बॉस कोण ते ठरू दे, तू मध्ये पडू नकोस.' या कल्पनेचं मूळ लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांची भांडणं पाहून 1947 मध्ये त्यांच्या उतरंडीबद्दल लिहिलं. डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकानं ती कल्पना जगभर पोहोचवली. पुढे मीच यांनी आर्क्टिकमधल्या एल्समेअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये स्वतःच लिहिलं, की मोकळ्या रानातला कळप म्हणजे मुळात आई-बाप आणि त्यांची मुलं. बॉस कसला, ते तर कुटुंब! तेव्हा दोघांना लढून ठरवू देणं हा निव्वळ आळस आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी एकाच घरात भांडणाऱ्या 38 जोड्यांचा अभ्यास केला, तेव्हा बहुतेक जोड्या एकाच लिंगाच्या निघाल्या आणि भांडणाचं निमित्त बरेचदा मालकाचं लक्ष किंवा खाणं हेच होतं. जोडी निवडायची मोकळीक असेल तर नर-मादी निवडा, आणि दोघांचीही नसबंदी करून घ्या. थोरला पिल्लावर गुरगुरला तर त्याला रागवू नका. दात लावण्याआधी तो शब्दांत सांगतोय, आणि पिल्लाला हे असंच शिकायचं असतं. पिल्लू उचलून बाजूला न्या, थोरल्याला त्याचा कोपरा द्या.

लशीबद्दल थोडक्यात. नव्याची लस, जंतांचं औषध आणि गोचिडांची तपासणी झाल्याशिवाय दोघांना एकत्र आणू नका. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. थोरल्याची रेबीजची आणि इतर लशींची तारीखही याच निमित्तानं पाहून घ्या. आणि सोसायटीनं दुसऱ्या कुत्र्यावर बंदी आणली, तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक दाखवा. सोसायट्यांना पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात म्हटलंय.

माझं एक मत. धाकटा शोधायला दूरच्या ब्रीडरकडे जाण्याआधी खालच्या गल्लीत पाहा. तुमच्या कुत्र्याचं ज्याच्याशी रोज सकाळी नाकाला नाक लागतं, ज्याला पाहून त्याचं अंग सैल होतं, असा एखादा गावठी कुत्रा तिथे असण्याची शक्यता बरीच आहे. दोघांची अर्धी ओळख आधीच झालेली. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या संशोधकांना 2017 मध्ये दिसलं, की रस्त्यावरची कुत्री अनोळखी माणसाशी वारंवार भेट होत गेली तर खाण्यापेक्षा डोक्यावरून फिरणाऱ्या हाताला जास्त जुळतात. अशा कुत्र्याला घर नवं असेल, माणूस नवा नसेल.

दोघं एकमेकांत रमले तर आता माझं कोण, हे तुमच्या मनातलं भय. ॲटलांटात ग्रेगरी बर्न्स यांनी शुद्धीवर असलेल्या, शिकवून तयार केलेल्या 12 कुत्र्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग करताना त्यांना पाच वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या कुत्र्याचा, परक्या कुत्र्याचा, ओळखीच्या माणसाचा, परक्या माणसाचा. सुखद अपेक्षेशी जोडलेला मेंदूचा भाग सगळ्यात जास्त उजळला तो ओळखीच्या माणसाच्या वासानं. घरातल्या दुसऱ्या कुत्र्याच्या वासानंही तेवढा नाही.

एक काम मात्र तारीख ठरवण्याआधीच करा. थोरला सात-आठ वर्षांचा झाला असेल, तर त्याला आधी डॉक्टरांकडे नेऊन सांधे, दात आणि कान तपासून घ्या. कुत्री दुखणं बेमालूम लपवतात, आणि नव्या पिल्लावर अचानक दात काढणाऱ्या कितीतरी शांत कुत्र्यांचं खरं कारण कंबरेत किंवा दाढेत असतं.