अक्षर आणि सूर शोधायचे तर तिरुभुवनम् गाठा

पोस्टर, अल्बमचं कव्हर, मैफलीचं निमंत्रण असलं काही करणाऱ्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांनो, प्रेरणेसाठी नुसतं पिंटरेस्ट चाळू नका. कुंभकोणमजवळचं तिरुभुवनम् बघा.

रेशमी साड्यांमुळे गाव सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या रेशमाला 2019 मध्ये जीआय मानांकनही मिळालं. पण मी सांगतोय ते तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाच्या कंपहरेश्वर मंदिराबद्दल. तिथला संस्कृत शिलालेख ‘ग्रंथ’ नावाच्या लिपीत आहे. वळणदार, गोलसर अक्षरं, आणि तीही दगडात!

कुंभकोणमच्या पलीकडे दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर आहे, बाराव्या शतकातलं. तिथे शैव संतांच्या छोट्या शिल्पपट्ट्या आहेत आणि त्यांवर तमिळमध्ये नावं कोरलेली आहेत. चक्क कॅप्शन! चोळकाळच्या कोरीव तमिळमध्ये शब्दांत जागा सोडत नाहीत, आणि व्यंजनावरचं टिंबही बहुतेक वेळा गाळतात. वाचणाऱ्याने संदर्भाने समजून घ्यायचं. स्पेसिंगवरून रात्रभर भांडणाऱ्यांनी हे जरूर बघावं. याच मंदिरात नंदीजवळच्या बलिपीठाच्या दगडी पायऱ्यांवर ठोकलं की वेगवेगळे सूर निघतात. आता त्यांना जाळी लावली आहे, ते बरंच झालं.

जवळच्या नरसिंगपेट्टैला नागस्वरम् हे फुंकून वाजवायचं वाद्य घडवतात. त्याच्या निमुळत्या नळीचा आणि पसरट तोंडाचा आकार म्हणजे आयता लोगो.

आणि मराठी माणसाने तंजावर चुकवू नये. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर तिथल्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरून घेतला, तोही मराठीत, देवनागरीत. ओळीमागून ओळी, नुसता मजकूर. ग्रिड शिकायला याहून मोठं पान सापडणं कठीण.