हरिहर किल्ला, पायऱ्या किती?

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरिहर किल्ल्याला लोक किती तऱ्हांनी हाक मारतात, हे साइटवाल्यांना शोधाचे आकडे दाखवणाऱ्या गुगलच्या सर्च कन्सोलमधली क्वेरींची यादी वाचल्याशिवाय कळत नाही. कुणी 'हरिहर' लिहितं, कुणी 'हरीहर', कुणी 'हर्षगड'. बरेच जण रोमन लिपीत टाइप करतात आणि तिथेही अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी असतं: 'harihar fort la kase jayche', 'harihar fort payrya kiti'. माझ्या किल्ल्यांच्या साइटवर हरिहरचं एक पान आहे. ते शोधात वर यावं म्हणून गेले काही पावसाळे त्यावर एसईओचे प्रयोग चालू आहेत.

एसईओबद्दलच्या सल्ल्यांना तोटा नाही, पण त्यातले निम्मे शिळे असतात. पानाच्या कोडमध्ये कीवर्डांची लांबलचक यादी भरायला सांगणारे अजून भेटतात. क्रमवारीसाठी ती यादी आपण बघत नाही, हे गुगलने २००९ सालीच सांगून टाकलं आहे. मेटा डिस्क्रिप्शननेही क्रमांक बदलत नाही. शोधणाऱ्याला खाली दोन ओळी दिसतात एवढाच त्याचा उपयोग, आणि अनेकदा गुगल त्या ओळीही पानातल्या मजकुरातून स्वतःच उचलतं. मोबाइलवर काढलेले चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवू नयेत, हा सल्ला मात्र खरा आहे. पानातला सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. डोंगरातल्या गावात एक-दोन काड्यांच्या नेटवर्कवर पान उघडणाऱ्याला तो निकष समजावून सांगावा लागत नाही.

मराठी साइटची खरी दुखणी या टिपांमध्ये नसतात. एके काळी अनेक मराठी साइट आपापल्या खास फॉन्टमध्ये चालायच्या. पडद्यावर मराठी दिसे, आत साठवलेली मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यामुळे तो मजकूर शोधयंत्राला कळायचाच नाही. युनिकोडने तो प्रश्न सोडवला, पण थोडी खरकटी राहिली आहेत. 'पायऱ्या' हाच शब्द घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं चिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. कोड एडिटरमध्ये एकाचा शोध घेतला की दुसरा सापडत नाही, तेव्हा कुठे उलगडा होतो. दऱ्या, पायऱ्या, सुऱ्या, वाऱ्या यांनी भरलेल्या किल्ल्यांच्या साइटवर हा घोळ पानोपानी असतो, कारण जुना मजकूर एका कीबोर्डवर टाइप झालेला आणि नवा दुसऱ्या. युनिकोडने मराठीसाठी 'ऱ'वाली पद्धत सांगितली आहे, दुसरी जुन्या मजकुराच्या सोयीसाठी ठेवली आहे. सगळा मजकूर मी 'ऱ'वर आणला. त्याने क्रमांक किती हलला, ते सांगता येणार नाही. पण आपल्याच साइटवर आपल्याच शब्दाचा पत्ता लागू नये, हे बरं नव्हे.

पत्त्याचीही एक गंमत आहे. पानाचा स्लग, म्हणजे पत्त्याचा शेवटचा तुकडा, देवनागरीत 'हरिहर-किल्ला' असा ठेवला तर ब्राउझरच्या पट्टीत तो झकास दिसतो. तो कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, की टक्क्याची चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे यांची माळच लागते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन खुणांनी लिहिला जातो. काना-मात्रा-वेलांट्या धरून 'हरिहर-किल्ला'ची होतात अकरा चिन्हं. त्यांच्या ९९ खुणा आणि मधली आडवी रेघ मिळून बरोबर १००. ट्रेकच्या ग्रुपवर असा पत्ता आला की माणूस तो व्हायरस समजून पुढे जातो. पत्त्यातल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळपास काही परिणाम होत नाही, असं गुगलची मार्गदर्शिकाही सांगते. तेव्हा शोधयंत्राकडे न बघता, माणसाच्या सोयीसाठी रोमन स्लग ठेवले आणि जुन्या पत्त्यावर आलेला माणूस नव्या पत्त्यावर पोचावा म्हणून ३०१ रीडायरेक्ट लावले.

शीर्षकाचा प्रयोग जास्त चुरशीचा झाला. आधीचं शीर्षक ललित होतं, त्यात सह्याद्री होता, पाषाण होता आणि विशेषणं होती. ते काढून 'हरिहर किल्ला: कसे जायचे, पायऱ्या, वेळ, काळजी' असं सरळसोट केलं. लिहिणाऱ्याच्या जिवावर येतं हे. पण बदल कशामुळे झाला ते कळायला तुलनेला काहीतरी हवं, म्हणून शेजारच्या भास्करगडाचं पान हातही न लावता ठेवलं. दोन्ही किल्ल्यांना निरगुडपाड्याहून जाता येतं आणि दोन्हीकडे कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत. जोडी यापेक्षा चांगली मिळाली नसती. पण पहिला पाऊस पडला आणि दोन्ही पानांचे आकडे एकदमच चढले. शोधणारेच वाढले होते. हरिहरचे जास्त चढले, हे खरं. पण त्या कातळजिन्याचे रील्स त्याच सुमाराला मोबाइलवर फिरत होते आणि भास्करगडाला ते भाग्य नाही. मग श्रेय शीर्षकाचं, पावसाचं की रीलचं? पाऊस वगळायचा तर या पावसाळ्याची तुलना गेल्या पावसाळ्याशी करावी लागते, आणि सर्च कन्सोल आकडे १६ महिनेच ठेवतं. त्याआधीचे हवे असतील तर वेळच्या वेळी उतरवून ठेवायचे.

आकड्यांमध्ये सगळ्यांत फसवा आकडा 'सरासरी स्थान' हा. पान एकाच क्वेरीला तिसऱ्या जागी दिसत असेल तर सरासरी तीन. मग पानात भर घातली आणि ते आणखी वीस क्वेरींना तिसाव्या-चाळिसाव्या जागी दिसू लागलं, की सरासरी घसरते. आलेख खाली जातो, क्लिक मात्र एकही कमी झालेला नसतो, उलट वाढलेला असतो. हा आलेख बघून चांगली पानं पूर्ववत करणारे लोक आहेत. शिवाय फारच थोड्या लोकांनी विचारलेल्या क्वेरी गोपनीयतेसाठी यादीत दाखवल्याच जात नाहीत. मोठ्या साइटला त्याचं काही वाटत नाही. छोट्या मराठी साइटचे प्रश्न मुळात तुरळक, त्यामुळे यादीतल्या क्लिकची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही.

२०२५च्या सप्टेंबरात आणखी एक पडदा उठला. एका पानावर १०० निकाल मागवण्याची पत्त्यातली जुनी युक्ती गुगलवर चालेनाशी झाली आणि असंख्य साइटची इम्प्रेशन्स, म्हणजे पान निकालांत दिसल्याची मोजणी, एकाएकी घसरली, सरासरी स्थान मात्र सुधारलं. क्रमांक मोजणारी यंत्रं शंभर-शंभर निकाल ओढत होती आणि त्यात नव्वदाव्या जागेवरचं पानसुद्धा 'दिसलं' म्हणून मोजलं जात होतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे ज्यांच्यासाठी आपण जीव टाकत होतो, त्यातले काही वाचक नव्हतेच.

एवढं सगळं करून हाती काय लागलं म्हणाल, तर क्वेरींची यादी. 'हरिहर उतरताना भीती वाटते' अशा अर्थाची एक क्वेरी वेगवेगळ्या रूपांत यायची आणि पान तळाशी कुठेतरी दिसायचं. पानात चढाईचं वर्णन भरपूर होतं, उतरण्यावर एक वाक्य. आणि हरिहरवर खरी कसोटी उतरतानाच लागते. खाली बघितलं की पोटात गोळा येतो, म्हणून तोंड कातळाकडे करून, शिडी उतरतो तसं उतरायचं. पायऱ्यांच्या कडेला हातासाठी खोबण्या आहेत, त्यात बोटं रुतवायची. वरून माणसं येत असतील आणि खालून चढत असतील तर अरुंद जिन्यात कुणी आधी जायचं, ते वर पोचलेल्यांनी ठरवायचं. पावसात खोबणीत पाणी आणि चिखल साचतो, तो आधी बोटांनी चाचपायचा. हे सगळं लिहून त्याला 'उतरताना' असं उपशीर्षक दिलं. ते पान आता त्या क्वेरीला बरंच वर दिसतं. यातही पावसाचा हात नसेल असं नाही, पण तो भाग तिथे असायलाच हवा होता, शोधयंत्र असो वा नसो.

पायऱ्या किती, हा प्रश्न मात्र अजून सर्वांत जास्त येतो. साइटगणिक आकडा वेगळा मिळतो आणि एकाचा आकडा दुसरा उचलतो. मी आकडा दिलेला नाही, त्यामुळे त्या क्वेरीत मी मागे आहे. तसाच 'हरिहर किल्ला आज चालू आहे का' हा प्रश्न. शनिवारी सकाळी तो हमखास दिसतो आणि त्याचं उत्तर कुठल्याही पानात टिकणारं नाही. पायथ्याच्या गावात चौकशी करून निघा, असं पानाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवलं आहे आणि त्याखाली मी शेवटचा कधी गेलो होतो ती तारीख.